आधी निर्णय छापा, मग ‘वादग्रस्त’ म्हणा

प्रति,
क्रीडा संपादक आणि वार्ताहर मंडळी,
बेळगावातून निघणारी मराठी दैनिकं,
तसंच गल्लीतल्या मॅचपासून वर्ल्ड कपपर्यंत सगळ्यावर बोलणारे स्थानिक चॅनेलवाले

विषय : मैदानावरच्या धडका, रेफ्रीचे निर्णय आणि त्यांच्या बातम्या

स. न. वि. वि.

मी शहापूरचा. वय ५२. एका हार्डवेअरच्या दुकानात हिशेब लिहितो. तरुणपणी अठरा वर्षं गोलकीपर होतो. क्लब मोठा नव्हता, मैदान मिळेल ते. कधी लेले ग्राउंड, कधी कॅम्प, कधी कापणी झालेलं कुणाचंतरी शेत. उजव्या हाताची करंगळी आजही वाकडी आहे. एका सेंटर फॉरवर्डच्या बुटाखाली आली होती. तो सेंटर फॉरवर्ड आता माझा व्याही आहे. तेव्हा धडक, फाउल, रेफ्री या गोष्टींवर बोलायला मी कुणी तज्ज्ञ नसलो तरी अगदीच परका नाही.

सीमाभागात मराठी पेपर म्हणजे काय, हे तुम्हाला सांगायला नको. जमिनीचा उतारा कन्नडमध्ये, लाइट बिल कन्नडमध्ये, बसची पाटी कन्नडमध्ये. आमच्या गल्लीचं, आमच्या पोराचं नाव मराठीत छापून येतं ते तुमच्याकडेच. म्हणून इथं ‘पेपरात आलंय’ म्हटलं की वाद मिटतो. पेपरात आलेलं चुकीचं असेल तर काय होतं, ते मी गेल्या पावसाळ्यात घरातच बघितलं.

माझा भाचा पंधरा वर्षांचा, शाळेच्या टीमचा गोलकीपर. आंतरशालेय सामना होता. दुपारपासून झड लागलेली, गोलपोस्टसमोर तांबडा रेंदा. समोरच्या टीमचा लांब पास आला, त्यांचा स्ट्रायकर एकटाच सुटला. भाचा लाइन सोडून पुढं धावला आणि पेनल्टी एरियात त्यानं बॉलवर झेप घेतली. बॉल अर्ध्या वितीनं हुकला. स्ट्रायकरचा पाय त्याच्या खांद्यात अडकला, पोरगा पलीकडं खांद्यावर पडला आणि त्याचं कॉलर बोन मोडलं. रेफ्रीनं पेनल्टी दिली, भाच्याला यलो कार्ड दाखवलं. पेनल्टीवर गोल झाला, भाच्याची शाळा हरली.

दुसऱ्या दिवशी सकाळी एका पेपरात मथळा : ‘गोलरक्षकाच्या दांडगाईने खेळाडू जायबंदी, पंचांची बघ्याची भूमिका’. खाली भाच्याचं नाव, आडनाव, शाळा. पेनल्टी दिली, हे नाही. यलो कार्ड दाखवलं, हेही नाही. ‘पंचांनी लाल कार्ड न दाखवल्याने प्रेक्षकांत संताप व्यक्त झाला’ असं एक वाक्य होतं. मी तिथंच होतो. प्रेक्षक म्हणजे आम्ही पस्तीसेक माणसं, त्यातली निम्मी छत्री सांभाळत होती.

आता नियम बघा. गोलची स्पष्ट संधी हुकवणारा फाउल पेनल्टी एरियात झाला, आणि करणारा खरोखर बॉल खेळायला गेलेला असला, तर पेनल्टी आणि यलो कार्ड. २०१६ सालापासून हा नियम आहे. त्याआधी अशा फाउलला पेनल्टी, रेड कार्ड आणि पुढच्या सामन्याची बंदी अशी तिहेरी शिक्षा व्हायची. ती फार होते म्हणून बदलली. म्हणजे चिखलात उभ्या असलेल्या रेफ्रीला नवा नियम ठाऊक होता. बातमी लिहिणाऱ्याच्या डोक्यात जुनाच चालू होता.

मी नियमाचा कागद प्रिंट काढून तुमच्यापैकी एकांच्या कचेरीत गेलो. डेस्कवरचा मुलगा सभ्य होता, चहा मागवला. ‘काका, बातमी फोनवरून आली, आम्ही लावली,’ म्हणाला. कागद ठेवून घेतला. दुरुस्ती काही आली नाही.

कॉलर बोन मोडलेला पोरगा अडीच महिन्यांनी पुन्हा खेळायला लागला. त्याच्या मनात काही नव्हतं, भाचा दवाखान्यात भेटायला गेला तेव्हा दोघं मोबाइलवर गेम खेळत बसले होते. वर्गातली पोरं मात्र भाच्याला ‘दांडगाई’ म्हणून हाक मारायला लागली. ग्लोव्हज माळ्यावर गेले, ते अजून तिथंच आहेत. ‘मामा, मी आता क्रिकेट खेळतो,’ म्हणाला. खेळू दे बापडा. पण फुटबॉल सोडावं असं काही त्यानं केलं नव्हतं.

हे एका घरापुरतं असतं तर मी पत्र लिहिलं नसतं. पण त्यानंतर वर्षभर तुमची क्रीडा पानं आणि व्हिडिओ मी या एकाच नजरेनं बघत आलोय. त्यातून ज्या तक्रारी साठल्या, त्या मांडतो.

पहिली, ‘वादग्रस्त’ या शब्दाची. मैदानावर दोघं आपटले की तुमच्याकडे निर्णय हमखास ‘वादग्रस्त’ असतो. निर्णय काय होता? फाउल दिला की नाही? कुणाच्या बाजूनं? कार्ड कोणतं? शंभर शब्दांची बातमी वाचून संपते तरी कळत नाही. बक्षीस समारंभाला कोण कोण होतं, कुणाच्या हस्ते, कुणाच्या उपस्थितीत, स्वागत कुणी केलं, आभार कुणी मानले, याला मात्र आठ ओळी असतात. आभार मानणाऱ्याचं नाव मला पाठ आहे, पेनल्टी का दिली ते ठाऊक नाही.

दुसरी : ‘आधी बॉल काढला होता’. हे वाक्य टीव्हीवरचे माजी खेळाडूही बोलतात, तुमच्या चॅनेलवरची पोरंही बोलतात आणि चहाच्या टपरीवर तर शपथेवर बोलतात. फुटबॉलच्या बाराव्या नियमात असं कुठंही नाही, की बॉलला आधी स्पर्श झाला म्हणजे फाउल माफ. रेफ्री बघतो ते वेगळंच. खेळाडू निष्काळजीपणे गेला तर फाउल, कार्ड नाही. समोरच्याला लागेल याची पर्वा न करता गेला तर यलो. गरजेपेक्षा जास्त ताकद लावली, समोरच्याचं हाडच मोडेल असा गेला तर रेड. असा गेला, तर बॉल आधी काढला असला तरी रेडच. याचीच दुसरी बाजू म्हणजे ‘जाणूनबुजून केलं नाही हो’. धडकेच्या फाउलमध्ये मनात काय होतं हे रेफ्रीला विचारायचंच नसतं. त्यामुळं ‘हेतुपुरस्सर नसतानाही कार्ड’ असा मथळा वाचला की माझ्यासारख्याचं रक्त उसळतं. आणि ‘मुद्दाम पाडले’ असंही तुम्ही लिहू नका, कारण पोराच्या मनात काय होतं ते तुम्हालाही दिसलेलं नसतं.

तिसरी तक्रार जरा लांब आहे, कारण तिच्यात आम्ही प्रेक्षकही दोषी आहोत.

१४ जुलै २०१४, रात्री साडेबारा. आमच्या गल्लीत पांढऱ्या चादरीवर प्रोजेक्टर लावून वर्ल्ड कपची फायनल बघत होतो, जर्मनी-अर्जेंटिना. बेळगावात माणूस जन्मतः एकतर ब्राझीलचा असतो नाहीतर अर्जेंटिनाचा. ब्राझील सात गोल खाऊन आधीच आडवा झाला होता, म्हणून ब्राझीलवालेही त्या रात्री अर्जेंटिनाला शिव्या द्यायला आले होते. दुसरा हाफ सुरू होऊन दहा-बारा मिनिटं झाली असतील. जर्मनीचा कीपर नॉयर लांब पुढं आला, उडी मारून मुठीनं बॉल ठोकला आणि त्याचा गुडघा अर्जेंटिनाच्या इग्वाइनच्या तोंडाशी गेला. इटलीचे रेफ्री रिझोली यांनी फ्री किक दिली ती जर्मनीला! ‘काय बोलालाय हा रेफ्री?’ म्हणून सगळी गल्ली उठून उभी. माझी दोन्ही मनं तिथंच भांडायला लागली. अर्जेंटिनावालं मन म्हणे पेनल्टी. गोलकीपरचं मन म्हणे, मीही असाच गेलो असतो.

सामना पहाटे तीनला संपला, त्यामुळं त्या सकाळच्या पेपरात काही येणं शक्य नव्हतं. मंगळवारी आलं ते ११३व्या मिनिटाचा ग्योट्झेचा गोल, मेस्सीचा उतरलेला चेहरा आणि पुन्हा मेस्सीचा चेहरा. ज्या निर्णयावर आमच्या गल्लीत दोन भाऊ आठवडाभर बोलले नाहीत, त्यावर एक ओळ नाही. रेफ्रीनं काय पाहिलं असेल, नियम काय म्हणतो, इतर जाणकारांना काय वाटतं, एवढं कुणी चार ओळींत सांगितलं असतं तरी आमची भांडणं निदान मुद्द्यावर झाली असती.

आणि आमची लबाडी बघा. ३० नोव्हेंबर २०२२, वर्ल्ड कपमध्ये अर्जेंटिनाची मॅच पोलंडविरुद्ध. क्रॉसला उठताना पोलंडचा कीपर शेझनी याचा हात मेस्सीच्या तोंडाला घासला. मैदानावर रेफ्रीनं काही दिलं नव्हतं, व्हीएआरनं (म्हणजे व्हिडिओ बघून मदत करणाऱ्या रेफ्रीनं) बोलावलं, स्क्रीन बघून पेनल्टी दिली. गुडघा खाल्लेला इग्वाइन विसरून हीच सगळी गल्ली म्हणाली, ‘बरोबर दिलंय!’ शेझनीनंच ती पेनल्टी अडवली तेव्हा माझ्यातला कीपर गालातल्या गालात हसला, ते मी कुणाला सांगितलं नाही. चाहता हा असाच असणार. म्हणून तर मध्ये कुणीतरी लागतो, जो झेंडा न घेता लिहील. तुम्ही आमच्याहून मोठा झेंडा घेऊन उभे राहिलात तर आम्ही कुणाचं ऐकायचं?

चौथी, स्लो मोशन आणि फोटो. व्हीएआरच्या नियमावलीतच लिहिलंय, की धडक कुठं झाली, पाय कुठं लागला हे ठरवायला स्लो मोशन वापरा. धडक किती जोरात होती हे ठरवायला मात्र नेहमीच्या वेगातच बघा. कारण सावकाश फिरवलं की साधा धक्काही खुनासारखा दिसतो. तुमचे चॅनेलवाले काय करतात? सावकाश, त्याहून सावकाश, मग लाल गोल, मग ढोल. पेपरातला फोटो तर थांबलेलाच असतो. २०१०च्या वर्ल्ड कप फायनलमध्ये नेदरलँड्सच्या डी योंगची लाथ स्पेनच्या अलोन्सोच्या छातीवर, हा फोटो सगळ्यांनी बघितलाय. तिथं फोटो खरं बोलत होता. रेफ्री हॉवर्ड वेबनी यलो कार्ड दिलं, आणि नंतर स्वतःच सांगितलं की आड माणूस आला, नीट दिसलं नाही, रेड द्यायला हवं होतं. वेब पेशानं पोलीस, चूक कबूल करणारा पोलीस मी दुसरा बघितला नाही. पण प्रत्येक फोटो तसा नसतो. आपल्याकडच्या शाळेच्या मॅचमध्ये उडी मारलेल्या पोराचा पाय दुसऱ्याच्या डोक्याजवळ दिसला, की तुम्ही खाली ‘धोकादायक खेळ’ लिहून मोकळे. पुढच्या क्षणी पाय बाजूनं गेला, रेफ्रीनं खेळ चालू ठेवला, हे फोटोत कसं येणार? ते ओळीत आणावं लागतं.

पाचवी डोक्याच्या माराची, आणि हिला मी सगळ्यात वर ठेवीन. त्याच २०१४च्या फायनलमध्ये जर्मनीच्या क्रामरचं डोकं अर्जेंटिनाच्या गाराईच्या खांद्यावर आपटलं. तो उठला आणि चौदा-एक मिनिटं खेळला. मग त्यानं रेफ्रीलाच विचारलं, ‘ही फायनलच आहे ना?’ रिझोलींनी ते जर्मन खेळाडूंना सांगितलं तेव्हा कुठं त्याला बाहेर काढलं. आपल्याकडे असा खेळाडू असता तर मथळा ठरलेला होता : ‘डोक्याला मार लागूनही जिगरबाज खेळ’. आपला भाग तालमीचा. पडला तो उठलाच पाहिजे, माती झाडलीच पाहिजे, हे लहानपणापासून अंगात भिनलेलं. कोल्हापूरचं फुटबॉल तर तालमींच्या नावानंच खेळतात, पाटाकडील, दिलबहार, आणि आम्ही इथून सकाळची एसटी धरून शाहू स्टेडियमला ते बघायला जातो. पण कुस्तीत पाठीला माती लागली की कुस्ती संपते. फुटबॉलमध्ये डोकं आपटल्यावर अजून तासभर खेळ बाकी असतो, आणि दुसरा मार पहिल्यापेक्षा वाईट असतो. आता नियमातही अशा जखमेसाठी वेगळा, जादाचा बदली खेळाडू देण्याची सोय आलीय. पट्टी बांधून परत आलेल्या पोराचं कौतुक तुम्ही छापता, ते वाचून पुढच्या मॅचला दुसरं पोरगं चक्कर येत असताना ‘काही नाही सर, खेळतो’ म्हणतं. कोचही ते कात्रण बघूनच खूश असतो.

आणि एक घटना, जी तुमच्यातल्या जुन्या मंडळींना आठवत असेल. ५ डिसेंबर २००४, बेंगळुरूचं कांतीरवा स्टेडियम, फेडरेशन कपची फायनल. गोव्याचा डेम्पो विरुद्ध मोहन बागान. गोवा आपल्या घाटाखालीच, त्यामुळं इथं डेम्पोला मानणारे पुष्कळ, मीही त्यातला. त्यांचा ब्राझीलचा स्ट्रायकर क्रिस्तियानो ज्युनियर, २५ वर्षांचा. त्यानं सामन्यातला आपला दुसरा गोल मारला आणि त्याच धावेत तो बागानचा कीपर सुब्रत पालला धडकला. तो कोसळला आणि गेला. डेम्पो २-० जिंकला, दोन्ही गोल त्याचेच. बातमी ऐकून मी रात्रभर जागा होतो. निम्मं दुःख त्या पोराचं, निम्मी भीती कीपरची, कारण सुब्रत तेव्हा विशीचाही नव्हता. पुढं कित्येक वर्षं त्याच्या नावासोबत ती धडक चिकटून राहिली. २०११ला दोह्यात आशियाई करंडकात भारताचा गोल त्यानंच सांभाळला, २०१६ला अर्जुन पुरस्कार मिळाला, तरी लेखात दुसऱ्या परिच्छेदात ती धडक येतेच. एवढ्या मोठ्या खेळाडूला ते ओझं वागवता आलं. शहापूरच्या पंधरा वर्षांच्या पोराकडून ती अपेक्षा का करायची?

सहावी तक्रार थोडक्यात. स्थानिक रेफ्री. दिवसाला मिळणारं मानधन पेट्रोल आणि वडापावात संपतं. आयएसएलसारखी (इंडियन सुपर लीग) मोठी लीगही वर्षानुवर्षं व्हीएआरशिवाय चालली, इथं तर धड दोन लाइन्समन मिळायची मारामार. पेपरात ‘बघ्याची भूमिका’ आली की पुढच्या रविवारी त्याच माणसाच्या अंगावर लोक धावून जातात. मग त्याची बातमी ‘मैदानावर राडा’. ही दुसरी बातमीही तुम्हीच छापता, पण पहिलीशी तिचा संबंध लावत नाही.

एवढं बोलल्यावर तुमच्या बाजूचंही सांगतो, नाहीतर व्याही म्हणेल पेनल्टी एकाच बाजूला दिली. वार्ताहर एकटाच असतो, सकाळी कबड्डी, दुपारी फुटबॉल, संध्याकाळी कुस्त्यांचा फड. क्रिकेटला पान जातं, उरलेल्या जागेत अख्खा जिल्हा बसवायचा. खानापूर-निपाणीची बातमी फोनवरच येणार. हे मान्य. म्हणून मागण्या साध्याच ठेवल्यात, पैसा लागेल अशी एकही नाही.

धडकेची बातमी देताना मिनिट, फाउल कुणाविरुद्ध, कार्ड कोणतं आणि खेळ कशानं पुन्हा सुरू झाला, एवढं आलंच पाहिजे. दोन ओळींत मावतं. जागा नसेल तर एक प्रमुख पाहुणे कमी करा.

अठरा वर्षांखालच्या पोराचं नाव दोषासाठी छापू नका. गोल मारला तर खुशाल छापा, आई कात्रण कपाटाला चिकटवते.

निर्णय चुकीचा वाटला तर जरूर लिहा, पण नियम काय आहे ते सांगून लिहा. पुस्तक फुकट मिळतं, दर जुलैत नवे बदल लागू होतात. तुमच्यातल्या एकानं वर्षातून एकदा ते चाळावं. नाहीतर शहरातल्या एखाद्या परीक्षा पास झालेल्या रेफ्रीला सामन्यानंतर फोन करा. त्या दिवशी त्यानं शिट्टी वाजवली नसेल असा बघा, म्हणजे मोकळेपणानं बोलेल.

डोक्याला मार लागून खेळलेल्याला ‘जिगरबाज’ म्हणणं बंद करा. त्याला बाहेर काढणाऱ्या कोचचं नाव छापा.

आणि चूक झाली तर दुरुस्ती त्याच पानावर, त्याच जागी, वाचता येईल एवढ्या अक्षरात.

पावसाळी स्पर्धा आता तोंडावर आल्यात. तुमच्या वार्ताहरानं प्रत्यक्ष यावं. मंडपात टेबल आहे, पंखा नाही, चहा मी आणतो. गोलपोस्टच्या मागं उभं राहायचं असेल तर तीही जागा दाखवतो, तिथून धडक कशी ऐकू येते ते एकदा ऐका.

आपला,
शहापूरचा एक जुना गोलकीपर

ता. क. : त्या बातमीचं कात्रण मी एका वहीत चिकटवून ठेवलंय. शेजारचं पान कोरं आहे. दुरुस्ती छापलीत तर तिथं चिकटवीन आणि वही माळ्यावर ग्लोव्हजशेजारी ठेवीन. पोरगं कधीतरी चढेल.